अंगावर एकच डाग

ठाणे, श्रावण वद्य ३, शके १८१३

सौ. रंगूस,

रखमेचा समोर बसून करावा तसा नमस्कार. कारण मोठं आहे, म्हणून ह्यांच्याकडून न लिहवता माझ्या हातानं लिहिते. अक्षर बघून हसू नकोस. मास्तरांनी माझी पाटी तुझ्याकडे तपासायला द्यावी आणि तू माझ्या ऱ्हस्व-दीर्घांवर काट मारावीस, ते दिवस गेले. चुका मात्र राहिल्या.

आमचा त्र्यंबक मॅट्रिक पास होऊन इथल्याच कचेरीत लागला, हे तुझ्या कानी आलं असेल. तेव्हापासून ओसरीवर पत्रिकाच पत्रिका. त्यांत एक तुमच्या घरची. तुझे धाकटे दीर मधुभाऊजी ह्यांनी शालूची पाठवली आहे. पत्रिका उत्तम जुळते. शालूला मी तुमच्याकडच्या मुंजीत पाहिली होती, पण तेव्हा ती परकर सावरत लाडू पळवत होती. त्यावरून सून कशी ओळखू?

मुलीचे आईबाप सांगतात ते सगळं गोडच असतं. तू तिची सख्खी काकू. एक चूल, एक विहीर. म्हणून तुला विचारते. मुलगी कशी, स्वभाव कसा, अंगावर काय, सगळं लिही. हुंड्याचा आमचा हट्ट नाही, पण हौसाआत्या, म्हणजे ह्यांच्या आत्या, रोज विचारतात, 'मुलीच्या अंगावर काय आहे ते कळलं का गं?' तुला आपल्या मैत्रीची शपथ, काही लपवू नकोस. तू लिहिशील ते मी ब्रह्मवाक्य मानीन. दुसऱ्या कुणाला विचारणार नाही.

रतन कशी आहे? तिचं कुठे जमलं का? खरं सांगू, तुमच्याकडून रतनचीच पत्रिका येईल असं मला वाटत होतं. आली असती तर आनंदच होता.

तुझी,
रखमा


कल्याण, श्रावण वद्य ११

सौ. रखमाबाईस रंगूचा नमस्कार.

तुझं पत्र शिपायानं लक्ष्मीच्या हातात दिलं. लक्ष्मी म्हणजे माझी धाकटी जाऊ, शालूची आई. तिला वाचता येत नाही. पाकीट उलटसुलट करत 'कुणाचं हो, जाऊबाई?' म्हणून ती माझ्यामागे थेट देवघरापर्यंत आली. म्हटलं, मैत्रिणीचं. खोटं बोलले नाही.

त्र्यंबकाचं ऐकून तोंड गोड झालं. त्रिविक्रमाला तुळस वाहिली.

शालूविषयी लिहिते. मुलगी गोरी आहे, हे सगळा पारनाका सांगेल. तिची आई तिला अंघोळीला साय लावते. साय घरातल्या सगळ्यांच्या दुधावरची. स्वभाव हसरा आहे, कारण नसलं तरी हसते. कामही येतं, विशेषतः केलेलं दिसतं असं काम. रांगोळी शालूची, मागची भांडी रतनची. शालूनं वालाचं बिरडं केलं की दोघे पुरुष बोटं चाटतात. ते वाल सोलून कुणाची बोटं काळी झाली, ते कुणी विचारत नाही. असो. मुलीची जात, तिचं कौतुक व्हावंच.

अंगावर काय, असं तू विचारलंस. शपथ घातलीस म्हणून लिहिते, नाहीतर हा हात धजला नसता. शालूच्या अंगावर एकच डाग आहे. तोही झाकलेला असतो. सणासुदीलासुद्धा बाहेर दिसत नाही, घरातल्या बायकांखेरीज कुणाला ठाऊक नाही. तुझं तू समज. मी लिहिलं असं मात्र कुणाला कळू देऊ नकोस.

रतन बरी आहे. सावळी आहे, पण निकोप. तिला तेरावं सरत आलं. घरचा जमाखर्च माझ्याकडे असतो, तेव्हा मीठमिरचीतून वाचवून मी तिचे दागिने केले. ठुशी, बुगड्या, पाटल्या झाल्या. माझी सरीही तिच्यासाठीच काढून ठेवली आहे. तिची पत्रिका ठाण्याला पाठवा म्हणून दोन वर्षं मी ह्यांच्या मागे होते. हे म्हणाले, 'मैत्रीत सोयरीक घालू नये. दोन्ही नासतात.' मधुभाऊजींची ठाण्यात कुणाशी मैत्री नाही, म्हणून त्यांना ती अडचण आली नाही.

तुझी,
रंगू


ठाणे, भाद्रपद शुद्ध ८

रंगू,

तुझं पत्र गणपतीच्या गडबडीत आलं. मोदकाची उकड काढत होते, हात पुसून वाचलं आणि उकड तशीच गार होऊन गेली. एकच डाग, आणि तो झाकून ठेवतात! बाई गं, एवढी हसरी पोर. पांढरा की तांबडा ते तू लिहिलं नाहीस, आणि मलाही विचारायचा धीर होत नाही. कोडच असणार. एरवी आई झाकील कशाला?

ह्यांनी 'योग दिसत नाही' एवढंच लिहून पत्रिका परत केली. कारण लिहिलं नाही. तुझं नाव कुठे येऊ दिलं नाही.

पण एक चूक झाली. हौसाआत्यांना सांगावंच लागलं. पत्रिका का परतवली, म्हणून त्या जेवेनात. त्यांच्या तोंडाला झाकण नाही, हे तुला काय सांगू! गौरीच्या हळदीकुंकवाला डोंबिवलीची त्यांची भाची आली होती, तिच्यापाशी त्या बोलल्या. ती भाची कल्याणला दिलेली आहे. मी तोंडावर बोट ठेवून डोळे वटारले, पण तोवर शब्द उंबरा ओलांडून गेला होता.

तू मला मोठ्या संकटातून वाचवलंस. घरची गोष्ट असून सांगितलीस. दुसरी कुणी सांगती ना.

रखमा


कल्याण, भाद्रपद शुद्ध १३

सौ. रखमेस,

पक्ष पंधरवडा लागायच्या आत पत्र पोचावं म्हणून घाईनं लिहिते.

तुमचा नकार आला त्या दिवशी मधुभाऊजी जेवले नाहीत. लक्ष्मी दोन दिवस विचारत होती, 'योग दिसत नाही म्हणजे काय हो, जाऊबाई? पत्रिका तर जुळली होती.' मी म्हटलं, देवाचे योग देवाला ठाऊक. आता तिनं विचारणं सोडलं आहे. शेणाळ्या तळ्यावर बायका तिला बघून बोलायचं थांबतात, म्हणून ती धुणं घरच्या विहिरीवरच आणते. कुणी काय उठवलं आहे, ते तिच्यापर्यंत अजून नीट पोचलेलं नाही. शालूचं हसणं कमी झालं. गेल्या आठवड्यात प्रथमच तिनं आपण होऊन मागची भांडी घासली.

जे झालं त्यात तुझा-माझा काय दोष? तू विचारलंस, मी शपथेला जागले.

एक मनातलं लिहिते. श्रावणातल्या पत्रात तू म्हणालीस, रतनची पत्रिका आली असती तर आनंद होता. ह्यांचं मन मी वळवलं आहे. पत्रिका सोबत आहे. रतन तुझ्या डोळ्यांसमोरची, आणि निकोप. तुझ्या घरात दिवा लावील, आणि तुला-मला म्हातारपणी एकमेकींकडे जायला निमित्त राहील.

उत्तराची वाट पाहते. कौपीनेश्वराला माझ्या नावानं बेल वाहा.

रंगू


ठाणे, भाद्रपद वद्य १२

रंगू,

पक्षात सोयरिकीचं लिहू नये म्हणतात. पण नकाराला मुहूर्त लागत नाही, म्हणून लिहिते.

रतनची पत्रिका परत पाठवत आहे. रागावू नकोस, आधी वाच. मी ह्यांच्यापुढे पदर पसरला. माझ्या मैत्रिणीची मुलगी, सोन्यासारखी, म्हणून सांगितलं. हे म्हणाले, 'शालू कुणाची?' म्हटलं, मधुभाऊजींची. 'आणि रतन?' म्हटलं, त्यांच्या थोरल्या भावाची. 'मग? आजा एक, आजी एक. कोड काय वाटण्या करून एकाच भावाच्या घरी राहतं?' हौसाआत्या आतून म्हणाल्या, 'झाड किडलं की कुठल्या फांदीचा आंबा घ्यायचा गं?'

मला जे ठाऊक ते तुझ्याच पत्रातून.

आणखी एक, तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच सांगते. पनवेलचे जे लोक रतनसाठी तुमच्याकडे येणार होते, त्यांनीही इथे चौकशी केली. त्यांना आत्या भेटल्या. ते आता येणार नाहीत.

मला फार वाईट वाटतं.

रखमा


कल्याण, आश्विन शुद्ध २

रखमे, अगं रखमे,

काय करून बसलीस हे! कोड कसलं आणि किडलेलं झाड कसलं! डाग म्हणजे दागिना, एवढंही तुला कळू नये? अंगावर काय, असं तू विचारलंस, म्हणून अंगावर काय ते मी लिहिलं. शालूला एक वज्रटीक आहे. लक्ष्मी ती चोरांच्या भयानं पेटीत झाकून ठेवते, सणासुदीला काढत नाही. एकच डाग, असंच आमच्याकडे म्हणतात. सोनाराच्या पेढीवर जाऊन विचार. डाग घडवला, डाग मोडला, डाग गहाण पडला, हे तू जन्मात ऐकलं नाहीस का? शाळेपासून तुझं वाचन हे असं. ओळ अर्धी वाचायची आणि अर्धी मनची घालायची!

आता ऐक. काल हादगा होता. शेजारी फणश्यांच्या अंगणात पाटावर हत्ती काढून मुली फेर धरत होत्या. शालू गेली तर दोन्हीकडच्या मुलींनी हात मागे घेतले. ती मधोमध उभी राहिली. मी खिडकीतून बघत होते. खोटं का लिहू, मला वाटलं, उभी राहू दे थोडी, फार मिरवली आजवर. तेवढ्यात माझी रतन पुढे झाली आणि तिनं शालूचा हात धरला. दुसरा हात तिनं शेजारच्या मुलीपुढे केला. त्या कारटीनं तो घेतला नाही. म्हणाली, 'तुमच्या घरात येतं ते. आई म्हणाली.' पोरी दोघीच एकमेकींचा हात धरून हत्तीभोवती फिरल्या. दोघींचा कुठे फेर होतो का गं? बाकीच्या गाणं म्हणेनात, तर ह्या दोघींनीच म्हटलं आणि खिरापत न घेता घरी आल्या. रतन रात्री जेवली नाही.

तू आजच्या आज सगळ्यांना सांग. आत्यांना सांग, त्यांच्या डोंबिवलीच्या भाचीला सांग, पनवेलला सांग. डाग म्हणजे दागिना. माझ्या रतनच्या अंगावर काहीएक नाही. शालूच्याही नाही.

रंगू


ठाणे, आश्विन शुद्ध १२

सौ. रंगूबाई यांस,

तुमचं पत्र पोचलं. बघ, 'तुमचं' लिहून गेले. खोडत नाही, तसंच राहू दे.

माझं वाचन अर्धवट, हे कबूल. म्हणून तुझं श्रावणातलं पत्र पुन्हा काढलं आणि अक्षरावर बोट ठेवून वाचलं. रतनच्या अंगावर तू 'दागिने' लिहिले आहेस, शालूच्या अंगावर 'डाग'. एकाच पानावर. माझ्या वेलांटीला काट मारणारी तू. तुझा शब्द हात चुकून पडत नाही.

सोनाराच्या पेढीवर डाग म्हणजे सोनं, हेही कबूल. पण 'मी लिहिलं असं कळू देऊ नकोस' असं सोन्याविषयी कुणी सांगतं का गं? आणि पांढरा की तांबडा, असं मी लिहिलं तेव्हा तू काय लिहायला हवं होतंस? 'पिवळा, अगं वेडे!' एवढं लिहिलं असतंस तर मी पोट धरून हसले असते आणि शालू माझी सून झाली असती. तू ते लिहिलं नाहीस. रतनची पत्रिका पाठवलीस.

आता पुढचं. हौसाआत्या नवरात्रात दुर्गाडीच्या देवीची ओटी भरायला म्हणून तुमच्याकडे दोन रात्री राहून गेल्या, ते ओटीसाठी नव्हे. मीच पाठवल्या. म्हटलं, तोंडानं सांगितलंत, आता स्वतःच्या डोळ्यांनी बघून या. तू सकाळी पूजेला बसलेली असताना त्यांनी शालूला न्हाऊ घातलं. लक्ष्मीला म्हणाल्या, 'मला नात नाही, एकदा चोळू दे.'

आणि रंगू, डाग आहे.

उजव्या खांद्याच्या मागे, चिंचोक्याएवढा. भाजल्याचा, जुना. आत्यांनी विचारलं, 'हे काय गं?' लक्ष्मी म्हणाली, 'एक महिन्याची होती. आकडी येऊन निळी पडली. मी बाळंतिणीच्या खाटेवर तापात होते, सासूबाई रडत सुटल्या, पुरुष वैद्याला आणायला गेलेले. थोरल्या जाऊबाईंनी पळीची दांडी चुलीत घातली, आणि पोरीला मांडीवर पालथं घेऊन डाग दिला. पोर किंचाळली आणि श्वास आला. मुलगी अर्धी त्यांचीच आहे. मी तिला सांगते, अंगावर दुसरा दागिना असो नसो, हा काकूचा दागिना तुझ्या अंगावर आहे.'

हे आत्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यांचं तोंड पहिल्यांदाच बंद झालेलं मी पाहिलं.

म्हणजे तू लिहिलंस ते अक्षरशः खरं होतं. तुझ्या मनात जे होतं तेवढंच खोटं. लिहिताना तुला तो डाग आठवला होता का, की इतकी वर्षं झाकलेला असल्यानं तूही विसरली होतीस? मला उत्तर नको.

आत्या ज्या ज्या दारी बोलल्या त्या त्या दारी आता उलट सांगत फिरताहेत. बोललेलं वेचायला पेरण्याहून जास्त दिवस लागतात, पण त्या दमायच्या नाहीत.

आम्हांला शालू पसंत आहे. लक्ष्मीला वेगळं पत्र लिहिलं आहे, याच पाकिटात आहे. तिला वाचता येत नाही. ते तूच वाचून दाखवणार, दुसरं कोण आहे? त्यात एकही शब्द खोटा नाही, आणि तुझ्याविषयी एकही वाईट शब्द नाही. उरलेलं सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

रखमा


कल्याण, आश्विन वद्य ५

प्रिय रखमे,

उत्तराला उशीर झाला, कारण उत्तर घडायलाच वेळ लागला.

लक्ष्मीचं पत्र मी दुपारी वाचून दाखवलं. ती स्वयंपाकघराच्या दारात वाल सोलत बसली होती. समोर टोपलं, मांडीवर ताट. मी मोठ्यानं वाचलं: 'मुलीच्या अंगावर एकच डाग आहे, असं तुमच्या थोरल्या जाऊबाईंनी पहिल्या पत्रातच आम्हांस कळवलं होतं. तो कुणाच्या हातचा आणि कशासाठीचा, ते आम्हांस आता कळलं. ज्या घरात काकू पुतणीचा जीव राखते त्या घराशी सोयरीक व्हावी अशी आमची इच्छा आहे.'

रखमे, तू शाळेत मठ्ठ होतीस असं मी कसं म्हणत होते, कोण जाणे. तुझ्याइतका जपून शब्द ठेवणारं माणूस मी पाहिलं नाही.

लक्ष्मी ताट बाजूला ठेवून उठली आणि तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणाली, 'तुम्ही आधीच कळवलं होतंत? मी तर लपवायला बघत होते, जाऊबाई. लग्न झाल्यावर दिसेल तेव्हा दिसेल म्हणत होते. तुम्ही सरळ लिहून टाकलंत, म्हणून आज हे पत्र आलं.'

मी गप्प बसू शकले असते. तू मला जागा ठेवली होतीस आणि लक्ष्मीनं तिथे पाट मांडला होता. बसायचं तेवढं राहिलं होतं. त्या रात्री बसलेही. मधुभाऊजींनी पेढे आणले, पहिला माझ्या हातावर ठेवला. तो मी रतनला दिला. रतननं अर्धा शालूला दिला. तो पेढा पाहून मला पुन्हा तेच वाटलं, रखमे. पहिला पेढा ह्या घरात रतनच्या नावानं यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी परत वालांना बसलो. मी म्हटलं, 'लक्ष्मी, मी तसं नव्हतं लिहिलं.'

'मग कसं लिहिलं होतंत?'

'शालूच्या अंगावर एकच डाग आहे, असं.'

'मग? एकच तर आहे.'

'अगं, तो नव्हे.'

'दुसरा कुठला? वज्रटीक?'

'तीही नव्हे.'

मी तिला समजावू लागले, आणि जे जे तोंडातून निघालं ते ते पुन्हा बरंच ठरू लागलं. डाग म्हटलं तरी खरं, दागिना म्हटलं तरी खरं. लपायला जो शब्द मी पुढे केला, त्यातून बाहेर यायला मला वाट सापडेना. शेवटी तो शब्दच टाकून दिला. म्हटलं, 'लक्ष्मी, मला हेवा वाटला. त्र्यंबकाचं स्थळ मला रतनसाठी हवं होतं. शालूला कोड आहे असं त्यांनी समजावं, म्हणून मी तसं लिहिलं. हादग्यात पोरींना कुणी हात दिला नाही, ते माझ्यामुळे.'

वाल सोलणारी तिची बोटं थांबली नाहीत. एक, एक, एक दाणा ताटात पडत होता. मला वाटलं, ऐकलं नसावं. टोपलं रिकामं झालं तेव्हा तिनं सालं उचलली, परसात टाकून आली, हात धुतले. मग म्हणाली:

'हेवा तुम्हांला तेव्हाही होता, जाऊबाई. रतन झाली तेव्हा सासूबाईंनी साखर वाटली नाही, शालूची वाटली. तुमचं तोंड मी खाटेवरून बघत होते. पोर निळी पडली आणि तुम्ही पळी तापवलीत तेव्हा मी देवाला म्हटलं, हिच्या हातात नको रे. पण तुमचा हात हलला नाही. जेवढा हवा तेवढाच डाग दिलात, एक रेघ जास्त नाही. तेव्हापासून तुमच्या हेव्याला मी भ्याले नाही.'

मग दाण्यांचं ताट उचलून आत जाता जाता म्हणाली, 'या वेळेला हात हलला.'

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मला वाढायची, पण आमटी ताटात न घालता वाटी पुढे सरकवायची. पुरुषांना काही कळलं नाही. मी ती वाटी ओढून घेऊन जेवायची. हे बरोबरच होतं.

तिसऱ्या दिवशी तिनं माझी दौत-लेखणी देवघरातून आणून माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, 'ठाण्याला लिहा. म्हणावं, मुलगी द्यायला आमची ना नाही. पण एका घरात थोरलीच्या आधी धाकटीच्या डोक्यावर अक्षता पडल्या की लोक थोरलीला आणखी नावं ठेवतात. तिच्यात काही कमी म्हणतील, आणि पुन्हा तेच सुरू होईल. रतनचं ठरेपर्यंत थांबा म्हणावं. तुमच्या त्या हौसाआत्यांना चार दारी फिरायची सवय आहेच. आता रतनसाठी फिरा म्हणावं. आणि जाऊबाई, नीट लिहा. दोन अर्थ निघतील असं काही नको.'

म्हणून नीट लिहिते. रतनसाठी स्थळ बघ, तुझ्याच्यानं होईल तेवढं बघ. तुझ्या घरचं आता मागत नाही. हेवा गेला असं लिहीत नाही, ते खोटं होईल. शालू दारात रांगोळी काढत बसली की अजून माझी नजर आधी तिच्याकडे जाते आणि मग मागच्या अंगणात रतनकडे. पण हल्ली मी उठून रतनला पुढच्या दारी बोलावते. दोघींची मिळून रांगोळी काही विशेष चांगली येत नाही.

शालूच्या लग्नात तिच्या गळ्यात मी माझी सरी घालणार आहे. रतनला विचारूनच ठरवलं. तिनं लगेच हो म्हटलं, त्याचाही मला थोडा राग आला.

हे सगळं पत्र पाठवण्याआधी लक्ष्मीला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. हेव्याच्या ओळी गाळल्या नाहीत. ती भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, 'सरी लिहिलीत ती चांदीची की सोन्याची? तुम्ही काटकसरी बाई. दोन अर्थ नकोत.'

सोन्याची.

तुझी,
रंगू